घट धरून केलेला अंदाज

भुसार मालाच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला ‘घट’ हा शब्द कोणी मुद्दाम शिकवत नाही. दसऱ्याच्या आसपास कळंबच्या बाजारात नव्या सोयाबीनची आवक सुरू झाली, की तो दिवसातून पन्नास वेळा त्याच्या कानावर पडतो. १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन वाळून १२ टक्क्यांवर आले, म्हणजे काट्यावर ते ९६.६ किलो भरते. मधले तीन किलो चारशे ग्रॅम कोणी चोरलेले नसतात. ते पाणी असते आणि उडून जाते. त्यावर पुन्हा माती, काडीकचरा आणि फाटक्या बारदानातून होणारी सांड. खरेदीचा भाव बोलतानाच हे सारे मनात धरावे लागते. जो धरत नाही त्याला आमच्याकडे धाडसी म्हणत नाहीत, नवखा म्हणतात.

आता याच पेढ्यांवरची मुले पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या व्यवसायात आहेत. काहींनी स्वतःच्या लहान कंपन्या काढल्या आहेत. गावी राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांनी दुकानासाठी, डाळ गिरणीसाठी किंवा गोदामासाठी सॉफ्टवेअर करून घेतले आहे, नाहीतर घेण्याच्या विचारात आहेत. देणाराही आपला आणि घेणाराही आपला. पण या सौद्यात घट कोण धरतो? ‘चार महिन्यांत होईल’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ते पंचांगातील तिथीसारखे लिहून घ्यावे, हीच सर्वसाधारण रीत आहे.

माझे माहेर कळंबचे. पुण्यातील एका कंपनीत गेली चौदा वर्षे मी अंदाजाचेच काम करते. एखादे सॉफ्टवेअर तयार करण्यास किती माणसे, किती महिने आणि किती रुपये लागतील, हे काम हाती घेण्यापूर्वी सांगणे ही माझी नोकरी. ‘म्हणजे पगारसुद्धा अंदाजेच मिळतो का?’ असे माझे सासरे पहिली काही वर्षे विचारीत असत. त्यांना मी सांगत असे, की अंदाज मनाने करायचा नसतो, नोंदींवरून करायचा असतो. अशाच प्रकारची कामे इतरांनी केली तेव्हा त्यांना प्रत्यक्षात काय लागले, याच्या जमवलेल्या नोंदींना आमच्या व्यवसायात बेंचमार्क म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९९७ साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संस्था जगभरच्या कंपन्यांकडून पूर्ण झालेल्या कामांच्या अशा नोंदी गोळा करते. कामाचा आकार, लागलेले तास, लागलेले महिने, माणसांची संख्या, असे तिचे रकाने असतात.

हे रकाने मी प्रथम पाहिले तेव्हा मला आजोबांच्या वह्या आठवल्या. आजोबांनी प्रत्येक हंगामाच्या वहीत शेवटचे पान राखून ठेवलेले असे. तूर किती घेतली, चाळून-वाळवून किती उरली, बार्शीला पोहोचल्यावर तेथील काट्यावर किती भरली, असे तीन आकडे त्यावर एका ओळीत असत. भाव पडला, भाव चढला, याची खंत किंवा आनंद त्या पानावर नसे. त्या वह्यांवर ‘जिल्हा उस्मानाबाद’ असे आहे आणि सर्वांत जुन्या दोन वह्यांत रुपयांपुढे कोठे ‘हाली’ तर कोठे ‘कलदार’ लिहिलेले आहे. कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब होता. दोन बाजारांतील रक्कम एकमेकींशेजारी मांडण्यापूर्वी आजोबा ती एका नाण्यात बदलून घेत. सॉफ्टवेअरच्या नोंदी वापरताना आजही निम्मी मेहनत याच कामी जाते. एका कंपनीच्या तासांत चाचणीचे तास धरलेले असतात, दुसरीच्या तासांत नसतात. एक कंपनी व्यवस्थापकाचा वेळ मोजते, दुसरी त्याला फुकट समजते. हाली आणि कलदार एकाच बेरजेत घेतले, तर उत्तर कितीही सुबक आले तरी निरुपयोगी असते.

तीन वर्षांपूर्वी हे सारे घरातच उभे राहिले. माझा धाकटा चुलतभाऊ पुण्यात पाच माणसांची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. त्याला लातूर भागातील एका तेल गिरणीचे मोठे काम मिळत होते. मालाची खरेदी, वजनकाट्याशी जोडणी, गोदाम, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी आणि जीएसटी, असे सर्व एकत्र. रक्कम ठरावीक, मुदत चार महिने, आणि मुदत चुकल्यास दर आठवड्याला रकमेतून कपात. पहिला हप्ता येईपर्यंत पगार भागवण्यासाठी त्याला बँकेची उचल हवी होती आणि त्यासाठी नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, एक मुदत ठेव तारण द्यावी असे त्याचे म्हणणे होते. ती ठेव काकूंनी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी जपलेली होती. नानांनी मला फोन केला. ‘तू हेच काम करतेस ना? कागद पाहा आणि सांग. पोरगा हुशार आहे, त्यात वाद नाही.’

हुशारीविषयी मलाही वाद नव्हता. कागद मागवले आणि आकार मोजायला बसले.

सॉफ्टवेअरचा आकार मोजता येतो, ही गोष्ट आपल्या व्यापारी वाचकांना कदाचित नवी वाटेल. आयबीएम कंपनीतील ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ साली त्यासाठी ‘फंक्शन पॉइंट’ हे माप मांडले. संगणकाला आतून किती ओळींच्या सूचना दिल्या, हे ते पाहत नाही. वापरणाऱ्याला काय मिळाले ते पाहते. माहिती भरण्याचे प्रत्येक पान मोजायचे, बाहेर पडणारा प्रत्येक अहवाल मोजायचा, विचारणा, साठवलेली खाती आणि बाहेरच्या यंत्रणांशी असलेले दुवे मोजायचे. माहिती भरण्याच्या पानाला त्याच्या अवघडपणाप्रमाणे ३, ४ किंवा ६ गुण. साठवलेल्या खात्याला ७, १० किंवा १५. कापडाचा वार असतो किंवा धान्याचे क्विंटल असते, तसे हे माप. गिरणीच्या कामाची बेरीज ३०० च्या जवळ आली.

आकार हाती आल्यावर नोंदींकडे वळता येते. अमेरिकेतील केपर्स जोन्स यांनी हजारो कामे पाहून काही ढोबळ सूत्रे दिली आहेत. त्यांच्या एका सूत्राप्रमाणे ३०० फंक्शन पॉइंटच्या कामाला सुमारे दहा महिने लागतात, आणि दुसऱ्याप्रमाणे दर १५० फंक्शन पॉइंटमागे एक माणूस, म्हणजे येथे दोन माणसे. दोन माणसे, दहा महिने. गुणाकार वीस. भावाच्या कागदावर पाच माणसे आणि चार महिने होते. तोही गुणाकार वीसच! आकडेमोडीत त्याची चूक नव्हती. एकूण कष्टाचा त्याचा अंदाज जगाच्या नोंदींशी तंतोतंत जुळत होता, आणि म्हणूनच तो निःशंक होता.

परंतु कष्ट आणि काळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाडीतील पोती दोन हमालांऐवजी पाच हमालांनी उतरवली तर वेळ खरोखरच कमी लागतो. पोत्याला पोत्याशी बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते. दोन माणसांत बोलण्याची वाट एकच असते, पाच माणसांत ती दहा होतात. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की ते आणखी लांबते, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. बॅरी बोएम यांनी ६३ पूर्ण कामांच्या नोंदींवरून १९८१ साली जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात वीस मनुष्य-महिन्यांचे साधे काम घातले तर उत्तर सुमारे पावणेआठ महिने येते. बोएम आणखी एक गोष्ट सांगतात आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. माणसे वाढवून मुदत थोडी आवळता येते. पण स्वाभाविक मुदतीच्या तीन-चतुर्थांशाखाली उतरलेले काम जवळजवळ आढळत नाही. पावणेआठचे तीन-चतुर्थांश म्हणजे पावणेसहा. चार महिने हा आकडा त्या कुंपणाच्या बराच बाहेर होता.

हे मी रविवारी कळंबला जाऊन सांगितले. नाना गप्प राहिले. भाऊ मात्र दुखावला. ‘ताई, ही अमेरिकेतली चाळीस वर्षांपूर्वीची कामे. आमची साधने वेगळी, आमची माणसे रात्री जागतात. तुझा त्या कागदांवर विश्वास आहे, माझ्यावर नाही.’

त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. म्हणून मी त्याला त्याच्याच कामांचे विचारले. आतापर्यंत पूर्ण केलेली तीन कामे, प्रत्येकाची कबूल केलेली मुदत आणि प्रत्यक्ष लागलेला काळ. त्याने फोनमधील जुने संदेश उघडून तारखा काढल्या. दोन महिन्यांचे काम साडेतीन महिन्यांत, तीन महिन्यांचे पाचांत, चार महिन्यांचे सातांत. प्रत्येक वेळी पावणेदोन पटीच्या आसपास. प्रत्येक उशिराला त्याच्याकडे स्वतंत्र आणि खरे कारण होते: एकदा ग्राहकाने मागणी बदलली, एकदा माणूस सोडून गेला, एकदा सर्व्हर बिघडला. नाना तोवर ऐकत होते. ते म्हणाले, ‘पाऊस दरवर्षी वेगळ्या दिवशी पडतो, पण माल दरवर्षी घटतो.’

अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी स्वतःचाच एक अनुभव लिहिला आहे. इस्राएलमध्ये तरुणपणी ते शाळांसाठी पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या एका मंडळात होते. पुस्तक कधी पूर्ण होईल, असे प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितले तेव्हा सर्वांची उत्तरे दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान आली. मग त्यांनी मंडळातील एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारले, की अशा दुसऱ्या मंडळांचे काय झाले? तो गृहस्थ विचार करून म्हणाला, सुमारे ४० टक्के मंडळांनी काम पुरे केलेच नाही. ज्यांनी केले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. पुस्तक शेवटी आठ वर्षांनी पूर्ण झाले. मला यातील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. ज्याला हे सारे ठाऊक होते, त्याच गृहस्थानेही काही मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता. माहिती त्याच्याजवळ होती, पण ती ‘इतरांची’ होती.

येथे उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर बेंचमार्क म्हणजे वेदवाक्य असा समज होईल. नोंदी कोणी दिल्या, हे पाहावेच लागते. ज्या ऑस्ट्रेलियातील संस्थेचा उल्लेख वर आला, ती स्वतःच सांगते की तिच्याकडील कामे बहुधा उद्योगातील चांगल्या कामांपैकी आहेत. साहजिकच आहे, फसलेल्या कामाची वही कोण स्वतःहून पाठवील? म्हणजे तिच्या सरासरीवर विसंबणारा सामान्य माणूस आधीच एक पायरी वर उभा राहून मोजत असतो.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवा नाही. पीक विम्यासाठी दरवर्षी शेतात पीक कापणी प्रयोग होतात. ठरावीक मापाची चौकट आखून तेवढ्यातले पीक कापतात, मळतात, वजन करतात आणि त्यावरून पूर्ण मंडळाचे उत्पादन ठरते. ते ‘उंबरठा उत्पादना’शी ताडून पाहतात आणि हा उंबरठा मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढलेला असतो. बेंचमार्क तो हाच, फक्त सोयाबीनचा. चौकट कोठे आखायची हे तेथे हजर असलेल्यांच्या मर्जीवर ठेवत नाहीत, यदृच्छ आकड्यांवरून ठरवतात. ही शास्त्रशुद्ध पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. चौकट फार लहान घेतली तर उत्पादन फुगून दिसते, हे त्यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले. कडेवरचे रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान चौकटीत कडेची रोपे प्रमाणाने जास्त, म्हणून चूकही जास्त. पुढे ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. त्यांचा तो निष्कर्ष मी आमच्या कचेरीत नव्या मुलांना आवर्जून सांगते, कारण पूर्ण झालेल्या कामांचे तास लिहितानाही कडेचे रोप असतेच. रविवारी घरून केलेले काम मोजायचे की नाही? न मोजल्यास आकडा सुंदर दिसतो, आणि पुढच्या अंदाजात तो रविवार नाहीसा होतो.

सरासरीचाही मोह असतो. ऑक्सफर्डचे बेंट फ्लिव्हबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने १,४७१ संगणक-प्रकल्प तपासून २०११ साली प्रसिद्ध केले, की खर्च सरासरीने २७ टक्के वाढतो. २७ टक्के ऐकून व्यापारी म्हणेल, एवढे धरू. पण त्याच अभ्यासात दर सहा प्रकल्पांपैकी एकाचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी वाढलेला आणि त्याची मुदत जवळजवळ ७० टक्क्यांनी लांबलेली निघाली. पाच जणांना चटका आणि सहाव्याचे घर जळाले, याची सरासरी काढून विम्याचा विचार होत नाही. मोठ्या सरकारी यंत्रणाही याला अपवाद नाहीत. आपण सर्वांनीच पाहिले, की ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरू झाले, पोर्टलला भार झेपला नाही, त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिलपासून नव्याने आरंभ झाला.

एक खंतही लिहिते. अनेक कचेऱ्यांत हे आकडे अंदाजासाठी नव्हे, चाबकासाठी वापरतात. ‘जगात अमुक तासांत होते, तुम्हाला का जास्त लागतात?’ असे विचारले, की माणसे तास लपवू लागतात, आणि तास लपले की पुढची नोंद खोटी. आजोबांनी मापाड्याला घटीबद्दल रागावल्याचे कोणाला आठवत नाही. रागावले असते तर त्यांच्या शेवटच्या पानावर खरा आकडा कधी आला नसता.

गिरणीच्या कामाचे पुढे असे झाले. नाना आणि भाऊ दोघे गिरणीमालकांकडे गेले. मी गेले नाही, आणि जाणे योग्यही नव्हते. मालक जुने व्यापारी. त्यांच्यापुढे फंक्शन पॉइंट मांडले नाहीत. भावाने स्वतःच्या तीन कामांचे सहा आकडे मांडले. हे त्याला जड गेले असणार. मालकांनी विचारले, ‘दसऱ्याला काय हवेच आहे, ते मी सांगू का?’ त्यांना हंगामासाठी खरेदी, काटा आणि पट्ट्या एवढेच अत्यावश्यक होते. मग कामाचे तीन भाग झाले. पहिल्याला साडेतीन महिने, कपातीची अट त्यापुरतीच आणि तीही एका मर्यादेपर्यंत. पैसे भागाभागाने, आरंभी काही रक्कम उचल. बँकेकडे जावे लागले नाही.

पहिला भाग साडेचार महिन्यांनी पूर्ण झाला. हंगामाचे पहिले तीन आठवडे गिरणीत पट्ट्या हातानेच लिहिल्या गेल्या आणि ठरल्याप्रमाणे कपातही झाली. दुसरा भाग बराचसा वेळेवर. या दोन भागांनाच मिळून आठ महिने गेले होते. तिसरा भाग, म्हणजे उधारीचे सविस्तर अहवाल, गिरणीने नंतर रद्द केला. त्यांच्या मुनीमजींना त्याची गरज उरली नव्हती. भावाला या कामात नफा फारच थोडा राहिला. चार महिन्यांच्या कागदावर सही झाली असती तर काय झाले असते, हा हिशोब त्याने मला कधी करून दाखवला नाही आणि मीही विचारला नाही. काही महिने आमचे बोलणे जेमतेमच होते. पुढल्या माघात त्याच्या बहिणीचे लग्न झाले. ठेव त्याच दिवसांत मोडली.

आता त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही आहे, नानांनी दिवाळीत दिलेली. तीत अकरा कामे नोंदली आहेत: आकार, कबूल मुदत, प्रत्यक्ष मुदत, तास, रविवारांसह. पहिल्या आठ कामांवरून त्याची पट पावणेदोनवरून दीडच्या खाली आली आहे. गेल्या वर्षापासून तो सॉफ्टवेअरच्या ओळी यंत्राकडूनच लिहवून घेणारी नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरतो. त्या साधनांनी केलेली कामे वहीत तीन आहेत. दोन लवकर झाली. तिसऱ्यात लिहिण्याचा वेळ निम्मा झाला आणि तपासण्याचा दुप्पट. जुनी आठ कामे आणि ही तीन एका सरासरीत घ्यावीत की नाही, यावर गेल्या रविवारी आमचा फोनवर तासभर वाद झाला. वेगळे पान घाल, असे मी म्हणते. तो म्हणतो, तिनांवर काय कळणार, आणखी पाच होऊ देत.